भाकरीऐवजी सुशी: सोलापूरच्या घरात चार आठवड्यांचा आहार-प्रयोग कसा करावा

सुशी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कच्चा मासा येतो, आणि सोलापुरात राहून सुशी खाण्याचा प्रयोग करायचा म्हटले की घरातली माणसे पहिली शंका काढतात तीही माशाचीच. परंतु भाताशिवाय वाढलेल्या कच्च्या माशाच्या कापांना जपानीत साशिमी हे वेगळे नाव आहे. सुशी म्हणजे व्हिनेगर, साखर आणि मीठ लावलेला भात, मग त्याच्या जोडीला मासा असो, अंडे असो की नुसती काकडी. ज्या घरात रात्रीच्या ताटात ज्वारीची भाकरी असते, त्या घराने भाकरीच्या जागी सुशी आणली तर ज्वारी जाते, चिकट पांढरा भात येतो आणि त्या भाताबरोबर साखर व मीठ येते. म्हणजे हा प्रयोग खरे तर भाताचा आहे. मी तो चार आठवडे करून पाहिला आणि त्यात सुरुवातीला जे चुकले तेही पुढे सांगणार आहे, कारण ते आधी कुणी सांगितले असते तर माझा एक आठवडा वाचला असता.

प्रथम कुणी हा प्रयोग करू नये ते पाहू. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि थायरॉइडची औषधे चालू असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो सुरू करू नये. थायरॉइडचा उल्लेख अशासाठी की सुशीभोवती गुंडाळतात त्या नोरीत, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात, आयोडीन असते. कोंबू नावाच्या जाड शेवाळात तर ते इतके जास्त असते की घरगुती प्रयोगात कोंबू आणूच नये. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन घेणाऱ्यांनीही आधी विचारावे, कारण नोरीत के जीवनसत्त्व भरपूर असते. सोया सॉसमध्ये सोयाबीनबरोबर बहुधा गहूही असतो, हे गव्हाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. गरोदर स्त्रियांनी आणि वाढत्या वयाच्या मुलांनी असले प्रयोग करू नयेत.

आखणी: प्रश्न एक, बदल एक

एक दोनशेपानी वही घ्यावी आणि पहिल्या पानावर आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे ते एका वाक्यात लिहावे. “सुशीने वजन उतरते का” हा प्रश्न चार आठवड्यांत सुटणारा नाही. “रात्रीच्या दोन भाकऱ्यांऐवजी तेवढ्याच वजनाच्या तांदळाची सुशी खाल्ली तर मला पुन्हा भूक किती वाजता लागते, सकाळी पोट साफ होते का आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर किती असते” हा प्रश्न मात्र घरच्या घरी तपासता येतो.

पहिला आठवडा नेहमीप्रमाणे भाकरी खावी आणि फक्त नोंदी कराव्यात. दुसऱ्या व तिसऱ्या आठवड्यात सोमवार ते शुक्रवार रात्री सुशी खावी. चौथ्या आठवड्यात पुन्हा भाकरीवर यावे. हा चौथा आठवडा लोक टाळतात, आणि तिथेच सगळ्या मेहनतीवर पाणी पडते. कारण सुशीच्या दिवसांत जे बदलले ते भाकरीवर परतल्यावर पूर्वपदाला आले, तरच तो बदल भातामुळे झाला असे म्हणण्याला थोडाफार आधार मिळतो. सकाळचा चहा, दुपारचे जेवण, चालणे, झोपण्याची वेळ हे सगळे चारही आठवडे आहे तसेच ठेवावे. याच महिन्यात साखर सोडायची, फिरायला जायचे आणि जोडीला सुशीही खायची असे केले, तर गुण कशाचा आणि दोष कशाचा हे कळायला मार्ग राहत नाही.

महिना निवडतानाही विचार करावा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचे आणि संक्रांतीचे दिवस येतात. तेव्हा शेंगापोळी, तिळगूळ आणि बाहेरचे खाणे यांत कुठलीच नोंद खरी राहत नाही. श्रावणात उपवास असतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो आणि भात लवकर खराब होतो. दिवाळी आटोपल्यानंतरचे चार आठवडे किंवा फेब्रुवारी महिना हा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो.

नोंदी थोड्याच ठेवाव्यात, म्हणजे त्या रोज होतात. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, एकाच काट्यावर वजन करावे आणि रोजच्या आकड्याकडे न पाहता आठवड्याची सरासरी काढावी. आठवड्यातून एकदा बेंबीच्या रेषेत कंबर मोजावी. रात्री जेवणाची वेळ, पुन्हा भूक लागल्याची वेळ आणि सकाळी पोट साफ झाले की नाही हे लिहावे. घरात ग्लुकोमीटर असेल तर पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी एकदा साखर पाहावी. मधुमेह नसलेल्या माणसात ती साधारणपणे १४० च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) आत असते. ती वारंवार त्याहून जास्त दिसू लागली तर प्रयोग तिथेच थांबवून प्रयोगशाळेत रक्त तपासून घ्यावे, कारण घरगुती यंत्रावरून निदान होत नसते.

ताटातले माप

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, तर तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते ३ ग्रॅमच्याही आत असतात. उष्मांक मात्र दोन्हींत जवळपास सारखेच, म्हणजे ३५० च्या आगेमागे असतात. म्हणून दोन मध्यम भाकऱ्यांना लागणाऱ्या १०० ग्रॅम पिठाच्या जागी एका माणसासाठी १०० ग्रॅम कोरडा तांदूळ घ्यावा, तोही वजन करून. त्याचा साधारण सव्वादोनशे ग्रॅम भात होतो आणि त्यात दोन भरगच्च गुंडाळ्या बसतात. वाटीच्या मापाने घेतले तर नवा-जुना तांदूळ आणि वाटीचा आकार यांमुळे रोज फरक पडतो.

भाकरीबरोबर जे पिठले, आमटी किंवा उसळ असते, तिच्यातल्या प्रथिनांचीही भरपाई सुशीत व्हायला हवी. नुसत्या काकडीची सुशी खाऊन रात्री अकराला भूक लागली तर तो दोष भाताचा की प्रथिनांच्या अभावाचा हे सांगता येणार नाही. त्यामुळे रोज एक अंडे आणि थोडा टोफू (सोयाबीनच्या दुधाचे पनीर), किंवा ५० ग्रॅम पनीर, किंवा ७५ ग्रॅमभर शिजवलेला मासा यांपैकी एक काहीतरी ठरवून घ्यावे. कोशिंबीर आणि ताक चारही आठवडे तेच आणि तेवढेच ठेवावे.

आता मिठाविषयी, कारण माझी चूक इथेच झाली. प्रचलित कृतींत २०० ग्रॅम तांदळाला सुमारे ४० मिलिलिटर व्हिनेगर, २० ग्रॅम साखर आणि ६ ग्रॅम मीठ असते. त्यातला अर्धा भात आपण खाल्ला तर भातातूनच ३ ग्रॅम मीठ पोटात जाते. वर जेवताना एक मोठा चमचा सोया सॉस घेतला तर आणखी सव्वादोन ग्रॅम मीठ वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितले आहे. इथे तर एका जेवणातच ती मर्यादा ओलांडली जाते. पहिल्या चार दिवसांत माझे वजन पाऊण किलोने वाढले आणि सकाळी बोटातली अंगठी निघेना. भाताने चरबी चढली असे समजून मी प्रयोग सोडायच्या बेतात होते, पण अंगात साठले होते ते पाणी. मीठ कमी केल्यावर दोन-तीन दिवसांत काटा खाली आला. तेव्हापासून मी २०० ग्रॅम तांदळाला व्हिनेगर तेवढेच ठेवते, साखर १० ग्रॅम आणि मीठ ३ ग्रॅम घेते आणि सोया सॉस एका लहान चमच्यावर थांबवते. चवीत पडणारा फरक दोन दिवसांत अंगवळणी पडतो. हे प्रमाण प्रयोगाच्या पहिल्याच दिवशी ठरवून शेवटपर्यंत तेच ठेवावे.

भात

जपानी तांदूळ आखूड आणि गोलसर असतो. त्याच्या पिष्टात अमायलोज हा घटक कमी असल्यामुळे शिजल्यावर शिते एकमेकांना धरून राहतात. बासमतीत ते जास्त असते, म्हणून बासमतीचा भात मोकळा होतो आणि त्याची सुशी वळत नाही. आपल्याकडचा इंद्रायणी तांदूळ या कामाला अगदी योग्य आहे. आंबेमोहोरही चालतो, पण त्याचा स्वतःचा वास व्हिनेगरशी भांडतो असे माझे मत आहे. सोलापुरात घरोघरी कोलम खाल्ला जातो, तो मात्र इथे उपयोगाचा नाही.

तांदूळ चार-पाच पाण्यांनी, पाणी जवळजवळ नितळ दिसेपर्यंत, हलक्या हाताने धुवावा. अर्धा तास भिजवून निथळावा. कुकरच्या शिट्ट्यांनी इंद्रायणीचा गिच्च गोळा होतो, म्हणून जाड बुडाच्या पातेल्यात एक वाटी तांदळाला सव्वा ते दीड वाटी पाणी घालून, कढ आल्यावर आच अगदी मंद करून, झाकण न उघडता बारा-तेरा मिनिटे शिजवावा आणि गॅस बंद केल्यावर आणखी दहा मिनिटे वाफ जिरू द्यावी. तांदूळ नवा असेल तर पाणी सव्वाच घ्यावे.

व्हिनेगर, साखर आणि मीठ वेगळ्या भांड्यात किंचित कोमट करून विरघळवून ठेवावे. व्हिनेगर शक्यतो तांदळाचे घ्यावे. ते न मिळाल्यास सफरचंदाचे चालते. बाटलीवर ‘सिंथेटिक’ असे छापलेले असेल तर ते ॲसेटिक आम्लात पाणी मिसळून केलेले असते आणि त्याची चव घशाला झोंबते. गरम भात लाकडी किंवा स्टीलच्या परातीत पसरावा, मिश्रण सगळीकडे शिंपडावे आणि उलथन्याने आडवे काप देत देत वरखाली करावे. कालवू नये, नाहीतर शिते मोडतात. त्याच वेळी दुसऱ्या माणसाने पुठ्ठ्याने वारा घालावा. माझ्या सासूबाई हे काम फार मनापासून करत, आणि दहीभात कालवताना त्या जसा हात थांबवून शिताकडे पाहत तशाच इथेही पाहत: शितावर ओली चकाकी यायला हवी, पण परात कलती केली तर तळाशी पाणी दिसता कामा नये. तिथवर आले की ओल्या सुती पंचाने झाकून ठेवावे. सोलापुरी टेरी टॉवेल घरात भरपूर असले तरी इथे वापरू नयेत. त्यांचे तंतू भाताला चिकटतात.

आंबट भाताचे आपल्याला नवल वाटू नये. सुशीचे जुने रूप म्हणजे मासा टिकवण्यासाठी त्याला मिठासह भातात मुरवत ठेवणे. तो भात आंबत असे आणि त्या आंबटपणामुळे मासा टिकत असे. जपानच्या बिवा सरोवराकाठी फुनाझुशी नावाने हा प्रकार आजही करतात. भात आंबण्याची वाट न पाहता त्याला व्हिनेगर लावण्याची रीत नंतर आली, आणि मुठीत दाबलेल्या भातावर मासा ठेवलेली निगिरी सुशी एकोणिसाव्या शतकात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, रूढ झाली. निगिरी या शब्दाचा अर्थच मुठीत दाबणे असा आहे. आपण लहान मुलांना भाताचा मुटका करून देतो, तोच हा प्रकार.

आत काय भरावे

काकडी, गाजर, अंड्याची घट्ट घडी, तव्यावर परतलेले पनीर किंवा टोफू हे रोजचे सारण समजावे. परंतु सोलापूरच्या घराला सर्वांत जवळचे वाटावे असे सारण म्हणजे कांप्यो. दुधी भोपळ्याच्याच जातकुळीतल्या एका गोल भोपळ्याच्या लांब पट्ट्या सोलून वाळवतात आणि त्या भिजवून, शिजवून सुशीत घालतात. जपानच्या तोचिगी प्रांतात हा मोठा व्यवसाय आहे. मी लक्ष्मी मार्केटमधून कोवळा दुधी आणून, बियांचा गर टाळून, सोलाण्याने हातभर लांब पट्ट्या काढल्या आणि सांडग्या-कुरड्यांच्या शेजारी दोरीवर टाकल्या. फेब्रुवारीच्या उन्हात त्या दोन दिवसांत कडक झाल्या. पट्ट्या मिठाने चोळून धुवाव्यात, नखाने सहज तुटेपर्यंत उकडाव्यात आणि चमचाभर सोया सॉस, चिमूटभर साखर आणि थोड्या पाण्यात आटवाव्यात. त्यातला सोया सॉस रोजच्या एका चमच्याच्या हिशेबातच धरावा.

शेंगाचटणी घालण्याचा मोह प्रत्येक सोलापूरकराला होईल आणि ती नोरीबरोबर लागतेही छान, पण तिच्यातले तेल आणि मीठ मोजमाप बिघडवतात. दुपारच्या जेवणात ती नेहमीसारखी खावी; रात्रीच्या सुशीत चार आठवडे तरी तिला जागा देऊ नये.

माशाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: सोलापुरात घरी कच्चा मासा खाऊ नये. आपल्या बाजारात येणारे चिलापी, रोहू, कटला, मरळ हे उजनीच्या पाणलोटातले किंवा तळ्यातले, म्हणजे गोड्या पाण्यातले मासे असतात आणि गोड्या पाण्यातल्या माशांतून माणसाच्या अंगात शिरणारे परजीवी कृमी व्हिनेगरने किंवा लिंबाने मरत नाहीत. समुद्रातला मासा कच्चा खायचा तर तो उणे २० अंश सेल्सिअसला सलग सात दिवस गोठवावा, असे अमेरिकेच्या अन्न प्रशासनाचे मार्गदर्शन आहे. घरचा फ्रीज तेवढ्या तापमानाला भरवशाने पोहोचत नाही. ‘सुशी ग्रेड’ हा पाकिटावरचा शब्द विक्रेत्यांचा आहे, त्यावर विसंबू नये. शिजवलेल्या माशाची सुशी ही कमअस्सल तडजोडही नाही, कारण जपानी लोक ईल मासा नेहमी भाजूनच सुशीवर ठेवतात. चिलापीचे काटे काढलेले तुकडे थोड्या तेलावर, मांस पांढरे होऊन पाकळ्या सुटेपर्यंत, दोन्ही बाजूंनी भाजावेत आणि गार करून वापरावेत.

वळणे आणि खाणे

बांबूची चटई नसेल तर पोळ्यांचा स्वच्छ रुमाल चौपदरी घालून त्यावर प्लॅस्टिकचा पातळ कागद अंथरावा. नोरीची खरखरीत बाजू वर ठेवावी. बोटे व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून, झटकून, शंभर-एकशे दहा ग्रॅम भात समोरच्या कडेला बोटभर जागा सोडून पसरावा. भात दाबू नये; शितांच्या मधून नोरीचा काळा रंग कुठे कुठे दिसला तरी चालतो, उलट तेच योग्य. आपल्या बाजूच्या कडेपासून तिसऱ्या भागावर सारण आडवे ठेवून, जवळची कड उचलून सारणाच्या पलीकडे टेकवावी, रुमाल मागे ओढत गुंडाळी पुढे न्यावी आणि मोकळी सोडलेली कड थोड्या पाण्याने चिकटवावी. सुरी प्रत्येक कापाला ओल्या फडक्याने पुसावी आणि पुढे-मागे ओढत कापावे. वरून दाबले तर गुंडाळी चपटी होऊन सारण बाहेर येते. माझ्या पहिल्या तीन गुंडाळ्या अशाच फुटल्या आणि आम्ही त्या ताटात मोडून, वर नोरीचे तुकडे पसरून खाल्ल्या. पसरलेल्या भाताच्या त्या प्रकारालाही जपानात चिराशी असे मानाचे नाव आहे, आणि प्रयोगाच्या हिशेबाने दोन्हींत काही फरक पडत नाही.

केलेली सुशी लगेच खावी. शिजवलेल्या भातात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू जिवंत राहू शकतात आणि उबेत ते वाढतात. व्हिनेगरने ही वाढ रोखली जाते, परंतु घरी आम्लता मोजता येत नाही आणि आपण साखर-मीठही कमी केलेले असते, म्हणून भात खोलीत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि उन्हाळ्यात तर एका तासातच संपवावा. उरलेला टाकून द्यावा. एका मे महिन्यात पुण्याहून निघताना घेतलेली सुशी मी साडेचार तासांच्या प्रवासानंतर घरी उघडली होती. तिला वास नव्हता, रंगही ठीक होता, तरी ती फेकली, कारण असे अन्न बाधणारे असले तरी वासाने ते आधी कळत नाही. उलट्या, जुलाब, ताप, अंगावर पित्त उठणे किंवा ओठ सुजणे असे काहीही झाल्यास प्रयोग थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

वही कशी वाचावी

चौथा आठवडा संपेपर्यंत वहीतल्या आकड्यांवर काही मत बनवू नये. नंतर भाकरीचे दोन आठवडे एका बाजूला आणि सुशीचे दोन आठवडे दुसऱ्या बाजूला लिहून सरासऱ्या पाहाव्यात. सुशीचे पहिले चार-पाच दिवस हिशेबातून वगळले तर बरे, कारण त्या दिवसांत पाणी आणि सवय या दोन्ही गोष्टी बदलत असतात. वजनातला अर्ध्या किलोचा फरक फरक म्हणून धरू नये. भुकेची वेळ आणि पोट साफ होणे या नोंदी मात्र बारकाईने पाहाव्यात, कारण तंतू घटल्याचा परिणाम तिथे लवकर दिसतो.

माझ्या वहीत वजन आणि कंबर दोन्ही जिथल्या तिथे राहिली. सुशीच्या रात्री भूक सरासरी दीड तास लवकर लागली आणि दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस पोट साफ झाले नाही. चौथ्या आठवड्यात भाकरीवर आल्यावर दोन्ही गोष्टी पूर्ववत झाल्या. दोन तासांनंतरची साखर सुशीनंतर थोडी जास्त होती, पण १४० च्या आतच. हे माझ्या एकटीच्या शरीराचे चार आठवडे आहेत आणि दुसऱ्या घरात वेगळे निघू शकते. आमच्याकडे आता शुक्रवारी रात्री एक भाकरी आणि एकच गुंडाळी असा बेत असतो, सोबत वाटीभर मटकीची उसळ असते, आणि कांप्योसाठी दुधीच्या पट्ट्या यंदा मार्चमध्येच वाळवून डब्यात भरून ठेवल्या आहेत.